सुरुवात कोण देतं

मुळा-मुठा सिंफनी ऑर्केस्ट्राच्या वादकांना ज्या दिवशी पट्ट्या बांधल्या, त्या दिवशी बहुतेकांनी हात वर करून एकमेकांचे फोटो काढले. हेमांगी चौबळने पट्टी बांधून घेतली, तंत्रज्ञ मुलीला हसून थँक्यू म्हटलं आणि बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं नळ सोडून उभी राहिली.

पट्टी दिसायला अगदी साधी. राखाडी रंगाची, कोपराच्या जरा खाली बसणारी, घामाने न सुटणारी. ओबो वाजवणारे लोबोअंकल म्हणाले, "ह्याने शुगर पण कळते काय गो?" शुगर कळत नव्हती. कळत होतं ते त्याहून अवघड होतं.

त्याचं असं आहे. माणसाला हात हलवायचा असला की हात हलण्याआधी स्नायूत बारीकशी वीज खेळते. हे जुनंच ज्ञान. नवं एवढंच, की ही पट्टी ती वीज सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत टिपायची, आणि हात प्रत्यक्षात हलला नाही तरी टिपायची. म्हणजे तुम्ही पेढ्याच्या बॉक्सकडे हात न्यायला निघालात आणि बायकोने बघितलं म्हणून जागच्या जागी थांबलात, तर जगाला काही दिसणार नाही, पट्टीला दिसेल. बासष्ट वादक आणि एक कंडक्टर, अशा त्रेसष्ट जणांचे हात एका संगणकाला जोडलेले. संगणक सबंध वेळ एकच गोष्ट तपासत बसायचा: कोणाच्या पाठोपाठ कोण हललं? एकदा झालं तर योगायोग. पण एक जण हलला की दुसरा हलतो, पहिला रेंगाळला की दुसराही रेंगाळतो, आणि हे दहा हजार वेळा होतं, असं दिसलं की तो पहिल्याकडून दुसऱ्याकडे बाण काढायचा. पडद्यावर त्रेसष्ट ठिपके आणि त्यांच्यात धावणारे बाण. ऑर्केस्ट्रात खरं कोण कोणाच्या मागे जातं, ते अशा रीतीने पहिल्यांदाच चव्हाट्यावर येणार होतं. या यंत्रणेचं नाव 'अनुगम'.

ट्रस्टचे सचिव टिळेकर यांना हे खेळणं भलतंच आवडलं. ते आयुष्यभर कारखाने चालवून निवृत्त झालेले, संगीतातही त्यांना मोजमाप हवं होतं. "अकरा जानेवारीचा कार्यक्रम झाला की नकाशा बघायचा," ते म्हणाले, "आणि पुढच्या वर्षीच्या जागा त्यावरून ठरवायच्या. ज्याच्या मागे कोणी जात नाही, त्याने पुढे कशाला बसायचं?" मग जरा थांबून, कोणाकडेच न बघता, ते म्हणाले, "सगळ्यांच्याच जागा. कंडक्टरचीसुद्धा."

कंडक्टर सॅम्युअल उजगरे खो खो हसले. वय एकाहत्तर, गाव नगर, आवाज असा की शेवटच्या रांगेतल्या ढोलवाल्यालाही माईकशिवाय ऐकू जावा. त्यांच्या आईची शेवटपर्यंत समजूत होती की मुलगा एस्टीत आहे. चौतीस वर्षांपूर्वी कॅम्पातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये अकरा वादक गोळा करून या माणसाने ऑर्केस्ट्रा उभा केला, आणि हेमांगीच्या हातात व्हायोलिन दिलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आज ती पहिल्या खुर्चीवर बसत होती, म्हणजे सगळ्या व्हायोलिनवाल्यांची म्होरकी, कंडक्टरच्या डाव्या हाताला, त्याच्यापासून दोन पावलांवर.

"बांधा, बांधा पट्ट्या!" सर म्हणाले. "माझ्या मागे कोण येत नाही ते मलाही बघू दे एकदा."

आणि हेमांगीला माहीत होतं की कोणीच येत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी सरांना मेंदूचा छोटासा झटका आला होता. चार दिवस ते दवाखान्यात होते. बाहेर सगळ्यांना डेंगी सांगितलं. मुलगा मेलबर्नला, बायको रूथबाई आदल्या वर्षी गेलेल्या, तेव्हा कागदांवर सह्या हेमांगीनेच केल्या. डॉक्टरीणबाईंनी तिला बाहेर बोलावून समजावलं. मेंदूत तालाचे दोन रस्ते असतात. एक बाहेरून ऐकू येणाऱ्या तालाला धरून चालणारा, दुसरा आतून, आपला आपण ताल सुरू करणारा. सरांचा पहिला रस्ता शाबूत होता. दुसरा खचला होता. "काही वाजत असेल तर त्यांचा हात बिनचूक चालेल," बाई म्हणाल्या. "शांततेतून स्वतःहून सुरुवात करायची म्हटली, तर अडतील."

हेमांगीने ते सरांना सांगितलं नाही. तिच्याने सांगवलंच नाही. तिने एक सोपा मार्ग काढला. सुरुवातीच्या वेळी सरांची छडी हवेत थबकली की ती स्वतःचं कोपर जेमतेम बोटभर उचलायची. तिच्यामागे पहिली रांग, पहिल्या रांगेमागे बाकीचे, आणि आवाज निघाला की त्याला धरून सरांचा हात. हे सगळं इतक्या झटपट व्हायचं की प्रेक्षकांना वाटायचं, सरांनी हात टाकला आणि ऑर्केस्ट्रा वाजला. खरं होतं उलटं. तीन वर्षं सर त्यांच्याच वादकांच्या मागे चालत होते आणि वादक हेमांगीच्या कोपरामागे. नकाशावर ते पहिल्याच दिवशी उघडं पडलं असतं.

पडलं नाही, त्याला कारण वादकांचा स्वभाव. पहिल्या तालमीला टिळेकरांनी नकाशा भिंतीवर लावला आणि आपल्याकडून बाण निघतोय की आपल्याकडे येतोय हे जो तो मान वाकडी करून बघायला लागला. मागे जाणारा दिसायला कोणाला आवडतं? प्रत्येकजण केसभर पुढे वाजवायला लागला. दहा मिनिटांत संथ रचना अशी पळत सुटली की चेलोवाल्यांना धाप लागली.

"अरे, गाडी सुटते का कोणाची?" सर ओरडले. "काढा तो पडदा आधी! नाहीतर मी माझी छडी घेऊन घरी चाललो."

पडदा काढला. नोंद मात्र आत चालूच राहणार होती, त्यावर टिळेकर अडून बसले. तालमींची नोंद पुसून टाकायची आणि फक्त अकरा तारखेची धरायची, एवढं त्यांनी कबूल केलं.

म्हणजे एक संध्याकाळ निभावली की झालं. हेमांगीने मग दुसऱ्या तालमीआधी पहिल्या दोन रांगांना हळूच सांगितलं, "आजपासून माझ्याकडे बघायचं नाही. सरांच्या छडीकडे बघा." तिला वाटलं, सगळे छडीमागे गेले की बाण आपोआप सरांकडून निघतील. चांगल्या मनाने केलेला मूर्खपणा होता तो! वादक सरांसाठी थांबले आणि सर वादकांसाठी. दोन भिडस्त माणसं दारात एकमेकांना 'आधी तुम्ही' म्हणत राहतात ना, तसं झालं. सर आवाजाला धरून हात टाकणार, वादक तो हात बघून वाजवणार, प्रत्येक खेपेला क्षणाचा एक तुकडा सांडणार. लय उतरत उतरत गेली आणि सहाव्या मिनिटाला सबंध ऑर्केस्ट्रा गचके खात बंद पडला.

सर छडीच्या टोकाकडे बघत राहिले.

"जेवण जड झालंय का सगळ्यांना?" ते अखेर म्हणाले. पण हसले नाहीत. हेमांगीने मान खाली घालून व्हायोलिनच्या गजाला राळ लावायला घेतली, नको तेवढी लावली, आणि पुढच्या सुरुवातीला तिचं कोपर पुन्हा बोटभर उचललं गेलं.

कार्यक्रमाला चार दिवस राहिले असताना पाहुण्या गायिका आल्या. कालिंदी नाडगौडा, मूळच्या सांगलीच्या, वीस वर्षं जर्मनीत ऑपेरा गाणाऱ्या, अंगाने भक्कम आणि बोलायला बिनधास्त. पट्टीवाली मुलगी पुढे आली तशी त्यांनी हात मागे घेतला.

"मी नाही बांधून घेणार हं. मी पाहुणी आहे, मला कुठं तुमच्याकडं जागा पाहिजे?"

टिळेकरांनी काखा वर केल्या. करारात पट्टीचा उल्लेख नव्हता.

गायचं होतं ते सरांनीच लिहिलेलं 'घाटमाथा'. गाणारा एक आवाज आणि पूर्ण ऑर्केस्ट्रा, सदतीस मिनिटं. शब्द रूथबाईंचे. त्या आजारी असताना लिहिलेले, आणि सरांनी त्या गेल्यावर सुरांत बसवलेले. दुसऱ्या कोणी ही रचना चालवायची कल्पनाही सरांना सहन होत नसे. तिसाव्या मिनिटाला त्यात एक जागा होती. गायिका एकटी एक ओळ गाते आणि सगळं थांबतं. पूर्ण शांतता. किती वेळ, ते स्वरलिपीत लिहिलेलं नाही. कंडक्टरला वाटेल तितका. मग एकाच ठोक्यावर बासष्ट वाद्यं आणि गायिका, सगळे एकदम.

ऐकू येणारं काही नाही, धरून चालायला काही नाही. आतूनच सुरुवात द्यायची. हेमांगी या जागेला मनातल्या मनात खड्डा म्हणायची.

कालिंदीबाईंसोबतच्या पहिल्या तालमीत खड्डा आला. ओळ संपली. सरांची छडी वर गेली आणि वरच राहिली. चार सेकंद. सहा. सरांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. हेमांगीने कोपर उचललं, सगळे वाजले, कालिंदीबाई अर्धा ठोका उशिरा आल्या.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या, आणि हेमांगीकडे त्यांनी असं बघितलं की तिला घाम फुटला.

चहाच्या सुट्टीत त्यांनी हेमांगीला बाहेरच्या जिन्यावर गाठलं. हातात कागदी कप, दुसऱ्या हातात मारी बिस्किटं.

"मला एक सांगा. सुरुवात कोण देतंय? ते का तुम्ही?"

"सरच की."

"मी वीस वर्षं कंडक्टरच्या बगलेत उभी राहून गातीय, बाई. मला नका शिकवू. त्यांचा हात तुमच्या मागनं आला."

हेमांगीला रडूच कोसळलं. तीन वर्षं एकटीने सांभाळलेलं सगळं तिने पंधरा मिनिटांत जिन्यावर ओतलं: झटका, दोन रस्ते, कोपर, नकाशा, टिळेकर. "हे त्यांच्यापासून काढून घेतलं ना, तर ते जगायचे नाहीत," ती म्हणाली. "घरी दुसरं काय आहे त्यांना?"

कालिंदीबाईंनी बिस्किट चहात बुडवलं, ते तुटून पडलं, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"माझ्या हाताला पट्टी नाही," त्या सावकाश म्हणाल्या. "मी श्वास घेऊन सुरुवात दिली, आणि तुम्ही सगळे माझ्या श्वासावर आलात, तर त्या नकाशात कुणाकडनं बाण निघंल?"

"कोणाकडूनच नाही."

"मग झालं तर. बाकी सगळीकडं आवाज चालू असतोय, तिथं तुमचं तुम्ही थोडंथोडं मागं राहा, चालून जाईल. खड्डा मी भरते. सहा मोजते आणि श्वास घेते. पाठ उघडी असलेला ब्लाउज घालते, म्हणजे मागच्यांनाबी दिसंल." मग त्यांनी कप पायरीवर ठेवला. "त्यांना विचारायचं नाही का एकदा?"

"नको," हेमांगी घाईने म्हणाली. "त्यांना यातलं काही माहीतच नाही."

दोन दिवसांत तिने एकेकाला गाठून सांगितलं. पार्किंगमध्ये, कॅन्टीनमध्ये, लिफ्टपाशी. आजाराचं नाव घेतलं नाही. खड्ड्यात सरांच्या हाताकडे नाही, गायिकेच्या पाठीकडे बघायचं, एवढंच. लोबोअंकलनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"आम्हांला काय दिसत नाही असं वाटलं तुला? तीन वर्षं तुझ्या कोपरावर वाजवतोय आम्ही. सॅमसाठी गप्प बसलो." मग म्हणाले, "पण हात त्याचा वर असताना दुसरीकडे बघायचं… चौतीस वर्षांची खोड आहे गो. बघतो जमतं का."

"जमवा, अंकल. पाया पडते."

अकरा जानेवारीला सभागृह खचाखच भरलं. टिळेकर पहिल्या रांगेत, मांडीवर टॅबलेट. हेमांगीने बसताना खुर्ची चार बोटं उजवीकडे फिरवून घेतली, म्हणजे समोर कालिंदीबाईंची पाठ आली आणि सर नजरेच्या पार कडेला गेले. तिने मुद्दामच केलं ते. सरांचा अडकलेला हात दिसला तर आपलं कोपर आपोआप उचललं जाईल, अशी तिला धास्ती होती.

पहिली तीस मिनिटं कशी गेली, तिचं तिला ठाऊक. कार्यक्रमाचा पहिला ठोका एकट्या ढोलाचा होता. तो ढोलवाल्याने दिला, आणि स्वरलिपीतच तसं असल्याने त्याच्या बाणाची काळजी नव्हती. पुढे प्रत्येक वळणावर ती केसभर मागे राहिली. मागे राहणं हे पुढे जाण्यापेक्षा किती कठीण असतं, ते वाजवणाऱ्यालाच विचारा. कालिंदीबाई गात मात्र अशा होत्या की एरवी हेमांगीच्या अंगावर काटा आला असता. आज तिला त्यांच्या आवाजात फक्त उरलेली मिनिटं ऐकू येत होती.

ती ओळ आली. कालिंदीबाईंनी ती गायली, शेवटचा स्वर सोडला, आणि नऊशे माणसांच्या सभागृहात काही म्हणता काही वाजत नव्हतं.

एक. दोन. हेमांगीची नजर त्या उघड्या पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. तीन. चार. मागे कुठेतरी खुर्ची बारीकशी करकरली, कोणाचं तरी कापड सळसळलं. वाजू नका रे, देवा, कोणी वाजू नका, ती मनात म्हणत होती. पाच. सहा. पाठ फुलली, खांदे उघडले, आणि बासष्ट वाद्यं आणि एक आवाज असे एकदम कोसळले की पहिल्या रांगेतली एक बाई दचकून उभीच राहिली.

झालं! निभावलं! हेमांगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. ती तशीच वाजवत राहिली.

टाळ्या थांबेनात. सर वाकले, कालिंदीबाईंचा हात धरून पुन्हा वाकले. पण पडद्याआड आल्यावर ते कोणाशी बोलले नाहीत. शालही न पांघरता थेट गाडीत जाऊन बसले. हेमांगी आनंदाने लोबोअंकलकडे धावली, तर ते ओबो पुसण्यात गढलेले. "छान झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी वर बघितलं नाही. थकले असतील, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेढे घेऊन सरांच्या घरी गेली. सर दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलापाशी बसले होते. समोर एक कागद.

"बस. वाच."

राजीनामा होता. तीन ओळींचा.

"हे काय, सर? कालच्यासारखं तर कधीच…"

"काल मी संपलो, हेमांगी." आवाज अगदी शांत होता. "तुला काय वाटतं, मला कळत नव्हतं? तुझं कोपर मला पहिल्या आठवड्यातच दिसलं. माझा हात अडतो हे मला डॉक्टरांनी सांगायला हवं होतं होय? मी गप्प राहिलो. म्हटलं, पोरीने झाकलंय तर आपण दुरुस्त करून दाखवू. तीन वर्षं रोज पहाटे उठून इथे, या खुर्चीपाशी, उभा राहतोय. छडी घेऊन. घड्याळ बंद, पंखा बंद. शांततेतून एक ठोका टाकायचा. सहा-सहा महिने काही जमलं नाही. गेल्या दिवाळीपासून दहातले दोन जमायला लागले. काल चौथ्या सेकंदाला मला आतून आलं. इतकं स्वच्छ, की रूथ समोर उभी राहून सांगतेय असं वाटलं. मी हात टाकला."

हेमांगीने कागदावरून मान झटकन वर केली.

"पूर्ण टाकला," सर म्हणाले. "आणि एक माणूस हलला नाही. बासष्टांपैकी एकसुद्धा नाही. तू पण नाहीस. म्हणजे मला जे वाटलं ते ठोक्यासारखं काही नव्हतंच. दोन सेकंदांनी तुम्ही सगळे वाजलात, सुंदर वाजलात, आणि मी पुन्हा मागून आलो. ज्याचा ठोका त्याच्याच माणसांना ठोका वाटत नाही, त्याने त्या चौथऱ्यावर चढू नये. एवढं मला कळतं."

आता बोलायचं होतं. एकच वाक्य: सर, मीच सगळ्यांना तुमच्याकडे बघू नका म्हणून सांगितलं होतं. ते तिने म्हटलं नाही. म्हणजे त्यांचा आलेला ठोका आपणच बुडवला…? ती उठली, पेढे तिथेच ठेवले, "आलेच" म्हणाली आणि पळत सुटल्यासारखी बाहेर पडली.

कालचा तो चौथा सेकंद बघायला ती टिळेकरांच्या ऑफिसात गेली, तर नकाशा पडद्यावर होता आणि टिळेकर चक्रावलेले होते.

"बरं झालं आलात. हे बघा, तिसाव्या मिनिटाला काय विचित्र झालंय," त्यांनी तो भाग मोठा केला. एखादाच क्षण मोठा करून बघितला, की तेवढ्या क्षणात कोणामागे कोण हललं तेही संगणक बाणांनी दाखवायचा. "इथे शांतता. चौथ्या सेकंदाला कंडक्टरचा हात खाली येतो. आवाज नाही. पण हे बघा."

सरांच्या ठिपक्यापासून बाण निघाले होते. पडदाभर बाण. चेलोंकडे, ओबोकडे, ढोलाकडे, मागच्या रांगेतल्या नव्या व्हायोलिनवाल्या पोरीकडे. सरांचा हात पडल्यावर सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आत ते सगळे हात वाजवायला सुटले होते, आणि तितक्याच झटक्यात आवरले गेले होते. ती करकरलेली खुर्ची, ते सळसळलेलं कापड तिला आता कळलं.

"सगळ्यांनी एकदम सुरुवात केली आणि एकदम थांबवली. असं कोणी करतं का? साठ… नाही, एकसष्ट जण. फक्त हा एक ठिपका कोरा आहे." टिळेकरांनी पहिल्या खुर्चीवर बोट ठेवलं. "तुमचा. तुमची पट्टी त्या वेळी बंद पडली असणार. सांगा तसं, म्हणजे बिघाड म्हणून हा सगळा भागच काढून टाकतो. उजगरेंचा फोन येऊन गेलाय, राजीनामा देतायत. तो प्रश्नही सुटला."

बिघाड म्हटलं की मिटलं. कोणाला काही सांगायला नको, आपली खुर्ची आपल्याला, सर मानाने निवृत्त. हेमांगी त्या कोऱ्या ठिपक्याकडे बघत राहिली. लोबोअंकलचा हात सुटला होता. मागच्या रांगेतली ती पोर, जिला ऑर्केस्ट्रात येऊन चार महिने झाले नव्हते, तिचासुद्धा सुटला होता.

"बिघाड नाही," ती म्हणाली. "मला याचा कागद काढून द्या."

सर अजून त्याच खुर्चीत होते. तिने कागद समोर ठेवला आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. दवाखाना, डॉक्टरीणबाई, जिना, कालिंदीबाईंची पाठ, पार्किंगमध्ये एकेकाला गाठणं. काही गाळलं नाही. सरांनी चष्मा लावला. चौथा सेकंद शोधला. एकेका बाणावरून बोट फिरवत, ओठ हलवत त्यांनी सगळे मोजले.

"म्हणजे आला होता ठोका," ते म्हणाले. "खरंच आला होता."

"हो, सर."

"एकसष्ट." त्यांचं बोट कागदाच्या डाव्या बाजूला येऊन थांबलं. "आणि हा कोरा?"

"मी."

"पट्टी बंद होती?"

"चालू होती. मी तुमच्याकडे बघतच नव्हते."

सरांनी राजीनाम्याचा कागद उचलला, मधोमध फाडला, पुन्हा फाडला आणि तुकडे टेबलाच्या कडेला नीट रचून ठेवले. चष्मा काढून डोळे पुसले.

"उद्या साडेदहाला तालीम," ते म्हणाले. "सगळ्यांना कळव. आणि तू मागच्या रांगेत बस. त्या नव्या पोरीला पुढे घे."

"सर…"

"मागून मी समोर दिसतो. नीट दिसतो. शिक पुन्हा."

हेमांगी हो म्हणाली. खाली येऊन तिने फोन काढला आणि एकेकाला कळवायला सुरुवात केली. पहिला फोन तिने त्या नव्या पोरीला लावला.